गज उचलल्यावर

ऑक्टोबरात आमच्याकडे मक्याची कापणी सुरू झाली की सगळ्या गावावर भुसा उडतो. शाळेच्या रंगमंचाखालच्या खोलीला मात्र खिडकी नव्हती, म्हणून तिथे फक्त गजाला घासायच्या राळेचा वास यायचा. खोलीत दोन डबल बास असत, व्हायोलिनसारखे गजाने वाजवायचे पण माणसाहून उंच, कुशीवर आडवे ठेवलेले. एक माझा आणि एक एमेट स्लोनचा. होते शाळेचेच, पण नववीपासून आम्ही त्यांना आपलेच म्हणायचो.

त्या वर्षी ऑल-स्टेटसाठी, म्हणजे सगळ्या नेब्रास्कातून निवडलेल्या शाळकरी मुलांच्या ऑर्केस्ट्रासाठी, आमच्या भागातून एकच बासवादक घेणार होते. आम्ही दोघंही बारावीत, त्यामुळे पुन्हा संधी नव्हती. निवडीच्या परीक्षेत वाजवायचा तुकडा हातात देताना आमच्या संगीताच्या पेट्राकसरांनी स्वतःच, अवघड आहे अशी मान हलवली होती. खालच्या तारेवरून धावत वर येणारे स्वर आणि मध्येच दूरच्या स्वरावर एक लांब झेप. झेपेच्या आधी मी किंचित अडखळायचे. एमेट झेपेनंतर घसरायचा. एकमेकांच्या चुका आम्हाला पाठ होत्या.

वाजवून झालं की मी तारा फडक्याने पुसून ठेवते. एका सकाळी त्यांच्यावर राळेची ताजी, पांढरी भुकटी दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय बासची पाठ कोमट लागली, कुणी नुकतंच अंगाशी धरून सोडल्यासारखी.

मला एमेटचा संशय आला. माझा बास त्याच्या बासपेक्षा खुला बोलतो, असं तो नेहमी कुरकुरायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठणार, तेवढ्यात तोच माझ्यासमोर ट्रे आपटून बसला.

"लिओना, माझ्या बासला हात लावायचा नाही. कळलं?"

"वा रे वा! माझा बास तू वाजवतोस आणि वर मलाच दम देतोस?"

"काल शाळा सुटल्यावर दाराबाहेरून ऐकलंय मी. झेपेच्या आधी अडखळलीस. तूच होतीस."

"काल मी दात दाखवायला गेले होते. आईला विचार हवं तर."

त्याने काटा खाली ठेवला. "मग झेपेनंतर घसरलं ते?"

"म्हणजे?"

"आधी अडखळलं आणि नंतर घसरलंही. मला वाटलं, तू माझी नक्कल करून मजा घेतेयस."

आम्ही दोघं पेट्राकसरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण नवल वाटल्याचं चेहऱ्यावर दिसलं नाही. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"आणि ऐकू आलंच, तर मध्ये थांबवू नका," ते म्हणाले.

"का, सर?"

"सराव चाललाय," एवढं बोलून ते कॉफी ओतायला वळले.

शुक्रवारी सगळी शाळा फुटबॉलच्या सामन्याला गेली होती. मैदानावरचे ढोल जिन्यापर्यंत ऐकू येत होते. आम्ही खाली उतरलो तेव्हा किल्ली माझ्या मुठीत होती आणि कुलूप जागच्या जागी.

आत तो तुकडा चालू होता.

झेप जवळ आली तसा मी श्वास रोखला. अडखळणं नाही. एमेटने डोळे मिटून घेतले. घसरणंही नाही.

"सुधारलं," तो कुजबुजला.

मी कुलूप काढून दार ढकललं. आवाज लगेच थांबला नाही. आधी ओळ पूर्ण झाली आणि मग शांत झालं. दोन्ही बास कुशीवर पडलेले होते आणि गज पेट्यांमध्ये बंद.

"तुझ्या बासमधून येत होता," एमेट म्हणाला.

"खोटं. तुझ्या."

त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांना त्या खोलीत एकटं जाऊ दिलं नाही.

परीक्षा लिंकनला होती. आम्ही आपापले बास घेऊन गेलो. परीक्षक पडद्याआड बसतात. वाजवणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, म्हणजे मुलगा की मुलगी तेही कळत नाही. पडद्याच्या अलीकडे एक मदतनीस बाई विणकाम घेऊन बसली होती. एमेट आधी जाऊन आला. बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी सुरुवात चांगली केली. झेप आली आणि हात चुकला. साफ चुकला. घाबरून मी गज तारेवरून उचलला.

आवाज चालूच राहिला.

गज हवेत होता. डावा हात बासच्या मानेवरून सुटला होता. उरलेल्या ओळी माझ्या पोटाशी टेकलेल्या लाकडातून वाजत गेल्या, स्वच्छ, न अडखळता.

विणणाऱ्या बाईच्या सुया थांबल्या होत्या.

"झालं तुझं, बाळ," शेवटी ती म्हणाली. "जा आता." दार उघडून देताना ती माझ्यापासून लांब उभी राहिली.

निवड माझी झाली. एमेटने पार्किंगमध्ये गाडीशी मला अडवलं.

"मी झेपेपाशी थांबलो," तो म्हणाला. "मी थांबलो आणि सगळं थांबलं. पुढे काहीच वाजलं नाही. तुझ्या वेळी दाराला कान लावून होतो मी. तू चुकलीस. ते ऐकलं मी."

"मग?"

"मग पुढचं कुणी वाजवलं?"

"मीच," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

"त्याला काय दिलंस तू, लिओना?"

"वेडा आहेस तू," मी म्हणाले आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

नोव्हेंबरात तालमी झाल्या आणि मग कार्यक्रम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही बासवाले उभे असायचो. मला कुठेच जड गेलं नाही. ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरने एकदा आमच्या रांगेकडे बघून पसंतीची मान हलवली, तीही बहुधा माझ्याकडेच. माझे आईबाबा प्रेक्षागृहाच्या वरच्या सज्जातून हात हलवत होते.

कार्यक्रम संपल्यावर रंगमंचामागे बाकीची बासची मुलं बोटांवरच्या चिकटपट्ट्या सोडवत होती. कुणाला फोड आले होते, कुणाची कातडी सोलली होती. सगळे एकमेकांना दाखवून हसत होते.

एमेट आला होता. अभिनंदन वगैरे काही नाही. त्याने सरळ माझा डावा हात धरला, उताणा केला आणि आरशाजवळच्या दिव्याखाली नेला.

बास वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे असतात. ते वर्षानुवर्षं जात नाहीत.

माझी बोटं गुलाबी होती. मऊ, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखी.

एमेटने हात सोडला आणि आपला पंजा हळूच पँटला पुसला.