गोलपुढचं गवत

मी ड्रेसिंगची नर्स आहे. बावीस वर्षं लोकांच्या जखमा धुतेय. पू, कुजलेली बोटं, महिनाभर न उघडलेली प्लास्टरं, सगळं पाहून झाल्यावरही मी डबा उघडून निवांत जेवते. त्या मैदानाची मला किळस आली असं मी म्हणते, ते नखरे समजू नयेत.

आमच्या भागात नवा फुटबॉल क्लब निघाला आणि माझा धाकटा भाऊ त्यात गोलकीपर झाला. आईवडिलांच्या माघारी त्याला मीच वाढवलं. घरच्या मैदानावरची ही दुसरीच मॅच. प्रथमोपचाराला कुणीतरी हवं होतं, तर आमच्या या धाकट्या साहेबांनी माझं नाव देऊन टाकलं. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही. मी एकच अट घातली.

"आज लागलं तर खेळ बंद."

"बंद म्हणजे बंद," तो म्हणाला.

दुपारचं कडक ऊन. पत्र्याचं छप्पर, ताज्या रंगाचा वास आणि त्याखाली आणखी एक वास, न घासलेल्या तोंडाचा. मला वाटलं शेजारच्या कोचचा, म्हणून दोन खुर्च्या सोडून बसले. वास तेवढाच येत राहिला.

मॅचच्या आधी आमचे अकराही खेळाडू गवतावर पालथे झोपले. गाल टेकवून, मिनिटभर.

"हे काय आता?" मी कोचला विचारलं.

"पहिल्या मॅचपासूनची पद्धत."

"कुणी पाडली?"

"कुणी म्हणजे..." तो जरा गोंधळला. "पडली आपली."

उठले तेव्हा प्रत्येकाचा एक गाल ओला होता. इकडे खुर्चीच्या दांडीला हात लावला तर चटका बसत होता.

विसाव्या मिनिटाला आमचा एक बचावपटू घसरत गेला आणि गुडघा दाखवायला आला. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि थांबले. पुसायला काही नव्हतंच. माती नाही, रक्त नाही. सालटं निघालेलं आणि आतलं मांस पांढरंफटक, चोखून टाकलेल्या कोयीसारखं. एवढी स्वच्छ जखम मला तासभर खपूनही जमली नसती. तिला तोच तोंडाचा वास होता.

"दुखतंय?"

"नाही हो, ताई. जाऊ परत?" त्याला भलतीच घाई झाली होती.

मी हात दोनदा धुतले. मध्यंतरात माळी दिसला. गमबूट घालून तो कडेच्या फळ्यांवरूनच चालत होता.

"पाणी फार मारता का हो?"

"अजून पाइपच आलेला नाही," तो म्हणाला आणि पुढे गेला.

दुसऱ्या हाफमध्ये भावाने झेप घेऊन एक चेंडू अडवला. टाळ्या पडल्या. तो उठला नाही. पंचांनी शिट्टी वाजवली आणि मी बॅग घेऊन धावले. जमीन मऊ होती, कोमट, बुटातूनही कळेल इतकी. भाऊ गोलपुढे पालथा पडला होता. त्याला उताणा करायला मी हात खाली टेकला.

गवत ओलं, खरखरीत होतं. तळहाताखाली ते एका बाजूला सरकलं. मग परत.

मी हात झटकन उचलला आणि कपड्यांना पुसला.

"अरे, ऊठ."

"थांब ना, ताई. बरं वाटतंय."

बखोटीला धरून ओढलं. गाल सुटताना चिकट आवाज झाला.

घरी आणून त्याला साबणाने घासून काढलं, लहानपणी काढायचे तसं. त्या गालावर दाढीचा एक केस उरला नव्हता. पण तो आपणहून म्हणाला, "बंद म्हणजे बंद, ताई," आणि बूट कचऱ्यात टाकून आला. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. माझा भाऊ मला परत मिळाला होता.

मग भाजी चिरायला घेतली. डोळे अजून भरलेले, सुरी बोटावर फिरली. "स्स" केलं, तेवढ्यात तो धावत आला.

"बघू," म्हणाला, आणि माझं बोट तोंडात घातलं.

कुणीही घालतं तसंच. पण तो सोडेना. त्याची जीभ खरखरीत होती.

बोट बाहेर आलं तेव्हा ते पांढरंफटक होतं. दुखत मात्र अजिबात नव्हतं.

तो वाट पाहत उभा राहिला. मी सुरी पुन्हा उचलली आणि दुसरं बोट पुढे केलं.