ओब्दूलियाच्या दारातली टाकी

मोबाईल खाली ठेवा रे, डोळे दिपतात माझे. आणि मध्ये बोलू नका. हे माद्रिदच्या अन्सेल्मोच्या बाबतीत घडलं. त्यानंच मला सांगितलं, इथेच, ह्या होड्यांच्या उतारावर बसून.

दोन वर्षं झाली. सोमवार, बारा ऑगस्ट. अन्सेल्मो आणि त्याची बायको निएवेस पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आपल्या पुएर्तो मान्सो गावात उतरली होती. सकाळी पाण्यात, दुपारी झोप, रात्री तळलेले मासे. त्या संध्याकाळी कलिंगड गार करायचं म्हणून निएवेसनं त्याला बारमधून बर्फ आणायला पिटाळलं. मिठाच्या गल्लीतून जाताना दारात ओब्दूलिया म्हातारी दिसली. ऐंशीच्या पुढची, एकटी. पायाशी गॅसची भरलेली नारिंगी टाकी.

"अरे माद्रिदवाल्या, एवढी टाकी आत नेऊन देतोस? गाडीवाला दारातच टाकून पळाला. सकाळपासून शेगडी बंद आहे."

"आलोच मावशी. बर्फ घेतो नि आलोच."

"विसरशील. सुट्टीवर आलेल्यांचं डोकंही सुट्टीवर असतं."

"शब्द देतो!" तो हसत म्हणाला.

बारमध्ये पत्त्यांचा डाव रंगला होता. एक बिअर झाली, दुसरी झाली. बर्फ वितळायला लागला तसा तो कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून घरी गेला. आठवण झाली ती अंथरुणावर. सकाळी बघू म्हणाला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरूनच टाकी दिसली. तशीच. आता म्हातारी काय बोलेल, ह्या लाजेनं तो मागे फिरला. मग रोजच किनाऱ्यानं जाऊ लागला.

"गल्ली सोडून एवढा वळसा कशाला रे?" निएवेसनं विचारलं.

"वारा लागतो छान."

बुधवारी चर्चची घंटा सावकाश वाजत राहिली. कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही.

गुरुवारी, पंधरा तारखेला, मारियामातेचा सण. मूर्ती होडीतून समुद्रात फिरून आली, दारूकाम झालं, गाव झोपलं. अन्सेल्मोला झोप लागेना. एक वाजून वीस मिनिटांनी तो उठला, चपला अडकवल्या आणि गल्लीत आला.

टाकी दारात होती. दार उघडं.

"मावशी...?"

आत काळोख. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आलास?"

"हो... उशीर झाला."

"झाला खरा."

त्यानं टाकी उचलली. आत नेली. चाचपडत रेग्युलेटर बसवला. ती टेबलापाशी बसलेली. नुसता आकार. तिचा श्वास ऐकू येईना. स्वतःचाच येत होता.

"मावशी, माफ करा... लाज वाटत होती, म्हणून मी..."



ती म्हणाली, "बस. कॉफी टाकते."

खुर्ची सरकली...

तो पळाला.

सकाळी तो पावाच्या दुकानात रांगेत उभा होता. मीही होतो. त्यानं दुकानदारणीला विचारलं, "ओब्दूलियामावशी रागावल्यात का हो माझ्यावर? रात्री तसाच पळून आलो मी."

दुकानदारणीनं माझ्याकडे बघितलं. मीच बोललो. "ती मंगळवारी पहाटे उंबऱ्यात पडलेली सापडली. हात टाकीच्या कड्यावर. स्वतःच ओढायला गेली होती. परवा दफन केलं."

"पण... दार उघडं होतं."

"दाराला कुलूप आहे. किल्ली ही माझ्या खिशात. भाचा आहे मी तिचा."

हो, पोरांनो. सख्खी मावशी माझी. दोन गल्ल्या सोडून माझं घर. त्या सोमवारी तिनं टाकीसाठी मलाही फोन केला होता. मी म्हटलं होतं, उद्या येतो.

आम्ही दोघं गेलो. कुलूप जसंच्या तसं. मी ते काढलं. टाकी आत होती, शेगडीला जोडलेली. अन्सेल्मोनं माझा दंड धरला. बोट टेबलाकडे केलं.

कप मांडलेले होते. तीन.

एक पिऊन संपवलेला. दोन भरलेले...

वाफ येत होती.