मारुतीचा बाक

रामाची कथा चालते तिथे मारुती ऐकायला येतो, म्हणून कीर्तनात त्याच्यासाठी एक पाट रिकामा ठेवतात. इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाट कुठला? मी बाल्कनीतला दोघांपुरता लाकडी बाक पुसून आत आणायचे, वर कापसाची गादी घालायचे.

खालच्या मजल्यावरचे हेल्मुट पहिल्यांदा आले ते सरळ त्या बाकावरच बसले, मधोमध. बाकी सगळे सतरंजीवर. त्यांना वाटलं, बाक आपल्यासाठीच. कुणीतरी समजावलं तर म्हणाले, "तो आला की सरकेन."

मग दर रविवारी दुपारी मधोमधच.

हेल्मुटनी जन्मभर व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहिली. जिवलग मित्राच्या पियानोबद्दल 'आता थांबावं' असं छापलं आणि मित्र तुटला. मग इतरही. "खोटं लिहिलं असतं तर आज जेवायला सोबत असती," म्हणायचे आणि माझ्याकडे पुन्हा शिरा मागायचे. मराठीचा शब्द कळत नसे, पण कीर्तन करणाऱ्या निशिगंधाचा सूर उतरला की त्यांची अंगठी बाकाच्या लाकडावर वाजायची. टक्. टाळी मात्र कधीच नाही.

मार्चमध्ये ते झोपेतच गेले.

पुढच्याच कीर्तनात पूर्वरंग संपताना निशिगंधाचा पंचम जरासा घसरला.

टक्.

माझे यजमान श्रीनिवास तुआसच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करतात; आवाजाचं मूळ शोधणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी एसी पाहिला, पाइप पाहिले, बाक उलटा करून पाहिला. "काही सापडत नाही," म्हणाले आणि त्यांनी बाक पुन्हा सरळ केला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"काकू, आठवडाभर बँकेत अप्रेझल, इथेही अप्रेझल?" निशिगंधा हसली, पण तिने चिपळ्या पिशवीत टाकल्या. "बाक बाहेर ठेवा. नाहीतर मी येणार नाही."

"बाक हलणार नाही," मी म्हटलं.

"अगं, कीर्तन बंद पडेल," श्रीनिवास म्हणाले.

कीर्तनावर तर माझा आठवडा निघतो. तरी म्हटलं, "मारुतीची जागा भिऊन उचलू? आणि त्या माणसाला खरं बोलला म्हणून सगळ्यांनी दूर केलं. माझ्या घरातून कुणी उठवायचं नाही. कुणी आलं नाही तर मी एकटी म्हणेन, बेसूर म्हणेन. वाजवू देत त्यांना टकटक."

रविवारी निशिगंधा आली. रियाज करून, रागावून आली. बाकाकडे बघतच उभी राहिली आणि सीताशोधाचं आख्यान लावलं.

सूर कुठे हलला नाही.

टक् झालं नाही.

मारुती अशोकवनात उतरला तेव्हा बाक एकदा करकरला.

आरती झाली. मंडळी प्रसादाला आत गेली. मी गादी उचलायला वाकले.

गादी दबलेली होती. मधोमध नाही. अगदी डाव्या टोकाला.

उरलेल्या जागेला हात लावायचा धीर मला झाला नाही.