पायथ्याशी बसलेली

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहानशा प्रसूतिगृहात चंद्रिका आली ती नुसती तपासणीला. आठवा महिना सरत आला होता. आई ईरम्मा तिला सकाळच्या एसटीने दुधनीहून घेऊन आली होती. संध्याकाळी परत जायचं म्हणून सोबत भाकरी आणि शेंगाचटणी, एवढंच. पण सरोजिनी सिस्टरने दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, पुन्हा मोजला आणि डॉक्टर देवयानींना बोलावलं.

"डोकं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई. आन् डोळ्यापुढं काजवे चमकत्यात."

पाय सुजलेले, चेहराही सुजलेला. लघवीत प्रोटीन निघालं. डॉक्टरांनी ईरम्माला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की दाब असाच राहिला तर झटके येतील आणि दोन्ही जीव धोक्यात येतील. आधी दाब उतरवायचा, मग आजच सिझेरियन.

चंद्रिकाला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. उजेडाने नि आवाजाने झटका येऊ शकतो, म्हणून भरदुपारी पडदे ओढले, दार लोटून घेतलं. रस्त्यावरच्या रिक्षांची घरघर आत येईपर्यंत दबून जात होती.

थोड्या वेळाने सरोजिनी आत डोकावली. चंद्रिकाच्या पायथ्याशी स्टुलावर एक म्हातारी बसली होती. काळपट लुगडं, मान खाली. खोलीत स्पिरिटच्या वासात आणखी एक वास होता, फार दिवस बंद ठेवलेल्या पेटीचा. म्हातारीने चंद्रिकाचे दोन्ही घोटे घट्ट धरले होते.

"अहो बाई, पाय चेपू नका. हात लावू नका तिला," सरोजिनी हळू आवाजात म्हणाली.

म्हातारीने मान वर केली नाही. हातही सोडले नाहीत. नातेवाइकांना दहादा सांगावं लागतं, तसंच हे, असं समजून सरोजिनी इंजेक्शन भरायला गेली. बोळात तिला औषधं घेऊन येणारी ईरम्मा भेटली.

"आत तुमचं कोण बसलंय?"

"कोन? आमी दोगीच आलो की, सिस्टर."

सरोजिनीने दार ढकललं. स्टूल रिकामं होतं. खोलीला दुसरं दार नव्हतं.

विचार करायला सवड मिळाली नाही. चंद्रिकाचे डोळे वर फिरले, जबडा आवळला, सगळं अंग ताठ होऊन थडथडू लागलं. सरोजिनीने तिला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली. ईरम्मा दारातच खाली बसली, कानडीत देवाचा धावा करत.

मॅग्नेशियमचं इंजेक्शन गेलं. झटका थांबला. ऑपरेशनला न्यायचं म्हणून सरोजिनीने चादर दूर केली आणि तिचा हात तिथेच थांबला. सुजलेल्या पायावर बोट दाबलं, की खड्डा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो. दोन्ही घोट्यांवर तसे खड्डे होते. पुढे अंगठे, मागे बोटं. तिने डॉक्टरांना ते दाखवले नाहीत. दाखवून सांगायचं काय?

मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चंद्रिकाचा दाब रात्रीतून उतरत गेला.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या वॉर्डात उशीला टेकून पेज पीत होती. सरोजिनीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल तुझ्या पायाशी कोणी बसलं होतं… आठवतं?"

"व्हय की. म्हातारी." चंद्रिकाने वाटी खाली ठेवली. "तिनं सोडलं न्हाय मला."

"म्हणजे… धरून ठेवलं?"

"मला वडत होतं ना कोन तरी… वर, डोक्याकडनं. काखंत हात घालून. तिनं पाय धरले म्हनून ऱ्हायले…"

सरोजिनी कोपऱ्यातल्या खोलीत गेली. आया रंभाबाई पलंगावर नवी चादर घालत होती. नवीन बाई भरती व्हायची होती, तिचाही दाब वाढलेला. पलंगाची डोक्याकडची बाजू भिंतीला टेकलेली होती. मध्ये बोटही शिरत नव्हतं.

"रंभाबाई, पलंग जरा पुढं ओढू," सरोजिनी म्हणाली.

दोघींनी तो ओढला. मागे कोरी भिंत. सरोजिनीने तिच्यावर तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला.

पश्चिमेची भिंत ती. बाहेर सोलापुरातलं मे महिन्याचं ऊन तिच्यावर भाजत होतं आणि आतून ती गार होती. रांजणासारखी, ओली गार.