झाकलेला आकडा

बंदरावर मासळी तोलणाऱ्या त्या निमेशला काडीची अक्कल नाही, असं जमनाचं ठाम मत होतं. तिच्या पोरीला, पूर्वीला, मासळी तोलायच्या काट्यावर चढवलं मेल्याने! मुरब्याचं अख्खं बंदर बघत होतं.

आता खरं सांगायचं तर सुरुवात पूर्वीनेच केली. लहानपणापासून ती चाकाच्या खुर्चीवर, वर फिटच्या गोळ्या. बोईसरच्या दवाखान्यातला काटा उभं राहणाऱ्यांचा. म्हणून डॉक्टर तिला नुसतं बघायचे आणि वजनाच्या अंदाजाने गोळी लिहायचे. त्या गोळीने अशी गुंगी यायची, की जाळं शिवताना गाठ अर्धीच राहायची आणि मान छातीवर.

त्या सकाळी जमनाची पापलेटं तोलून झाली. जमिनीला टेकलेला रुंद काटा बघत पूर्वी म्हणाली,

"निमेश, यावर खुर्ची चढेल?"

"हत्ती चढेल. तू तर..."

"तर काय?"

"काय नाय."

"मग काटा धू आधी. मला मासळीचा वास नको."

"मुरब्याची पोर, नि वासाला नाक मुरडते!"

हसत हसत त्याने बादली ओतली, गळ्यातला टॉवेल काढून काटा पुसला. खुर्ची वर गेली. एरवी हा पोरगा मासळीचं वजन असं ओरडतो, की सातपाटीला ऐकू जावं. आज मात्र आकडा उमटायच्या आत त्याने त्यावर तळहात ठेवला. व्यापारी माना लांबवून थकले. फक्त पूर्वीसाठी त्याची बोटं जराशी उचलली गेली...

"आता नुसती खुर्ची तोलायची. उतरायला... हात देऊ?"

"विचारलंस म्हणून दे."

त्याचं मनगट धरून ती बाकड्यावर सरकली — आणि मनगट सोडायचं विसरली. जमनाला सगळं दिसतं.

दवाखान्यात पूर्वीने वजन सांगितलं. "डॉक्टर, आमच्याकडे पापलेट ग्रॅमवर तोलतात. आणि मी अंदाजावर?"

गोळी बदलली, गुंगी गेली. पण पोर गप्प बसेल तर जमनाची कसली! उमरोळीची सुलू, मनोरचा देवू, तिच्यासारख्या सगळ्या खुर्च्या तिने दवाखान्याच्या दारात आणून उभ्या केल्या. जमिनीलगतचा काटा येईपर्यंत पुन्हा पुन्हा आणल्या. आला, तेव्हा पहिली पूर्वीच त्यावर गेली. जमना तर अशी मिरवली, जशी तिचीच होडी भरून आली.

निमेश दाराशी, तोंड पाडून.

"आता आमच्या काट्यावर कशाला येशील तू..."

"वजन इथं करीन रे. पण भांडायला —" पूर्वीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, "भांडायला मला बंदरच लागतं. रोज."

त्याचे कान लाल झाले. तो जमनाकडेच टकमक बघायला लागला. तिने पदर खोचला.

"माझ्याकडं काय बघतो रे? अक्कल तुला तेव्हा नव्हती, आजही नाय. पण भर बंदरात माझ्या पोरीचा आकडा झाकलास, ते मी बघितलंय. तो हात मला जावयाचा म्हणून चालेल. आता मला नको, तिला विचार. आणि मासळीचं वजन ओरडतोस ना, तसं मोठ्यानं विचार!"