आईच्या हाताची जागा

हाड मोडलेलं नाही, कातडीवर साधा ओरखडा नाही, तरी हात उचलला जात नाही. मग बिघडलंय तरी काय? जळगावातल्या आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून उर्वी आईच्या डाव्या हाताकडे बघत होती आणि हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. हात आईच्या मांडीवर नुसता पडून होता, शेजाऱ्यांनी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा.

थंडीत आईला पक्षाघाताचा झटका आला होता (मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथल्या पेशी मरतात). गंमत बघा, दुखापत मेंदूच्या उजव्या बाजूला आणि लुळा पडला डावा हात! कारण मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. डॉक्टरांनी आईचा जीव वाचवला. सुरुवातीला बोटं थोडीफार हलायचीसुद्धा. मग मदतीला घरात ठकू आली. ठकू म्हणजे उर्वीच्या खांद्याएवढी, चार हातांची यंत्रबाई.

त्यात आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आजारी माणसाला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही! शेजारच्या काकू येता-जाता दटावायच्या, "रत्ना, तू गप बस गं बाई." बाबा आईचे केस विंचरायचे, उर्वी घास भरवायची. ठकूला तर उर्वीनं बजावूनच ठेवलं होतं, "आईला काही म्हणजे काही करू द्यायचं नाही." त्यामुळे आईची नजर पेल्याकडे वळायचा अवकाश, पेला ओठांशी हजर.

होळी झाल्यावर पुण्याहून भास्करमामा आला. आईचा थोरला भाऊ, मेंदूचा डॉक्टर. त्यानं एक टोपी आणली होती. ती डोक्यावर चढवली, की मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते भिंतीवर रंगांत उमटायचं. आईला बोटं हलवायला सांगून मामानं डाव्या हाताचा पिवळा ठिपका शोधला. झटक्यानंतर दवाखान्यात काढलेल्या चित्राशी तो ताडून पाहिला.

ठिपका लहान झाला होता.

उर्वी भिंतीजवळ गेली. "मामा, आम्ही तिला इतकं जपतो! मग असं कसं?"

"जपता म्हणूनच," मामा म्हणाला. "मला सांग, एसटीत तू रुमाल टाकून जागा धरलीस, पण बसायला आलीच नाहीस, तर?"

"कोणीतरी रुमाल बाजूला करून बसणारच!"

"मेंदूतही तेच होतं. तिथे जागा रिकामी राहत नाही. डावा हात काही करेना, म्हणून शेजारचे भाग त्याच्या जागेत सरकून बसतायत." मामा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "मेंदूत चेतापेशी असतात (निरोप पोचवणाऱ्या पेशी). ज्या पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडतात, त्यांची जोडणी पक्की होत जाते. जिथून निरोपच जात नाहीत, तिथली ढिली पडते. मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. पण त्यांच्या आजूबाजूच्या पेशी ते काम शिकू शकतात. याला मेंदूची घडणक्षमता म्हणतात (अनुभवानं स्वतःची जोडणी बदलण्याची ताकद). म्हणजे गेलेली जागा मिळवताही येते. फक्त ती आईच्या हातानं मिळवायला हवी, ठकूच्या नाही."

"मग हात नक्की बरा होईल?"

मामा तिच्याशी खोटं बोलला नाही. "पहिल्यासारखा होईल का, ते मला सांगता येत नाही, उर्वी. बोटं अजून थोडी तरी हलतायत, म्हणून आशा आहे. पण असेच बसून राहिलो, तर अवघड होत जाईल."

दुसऱ्या दिवसापासून मामाच्या देखरेखीखाली आईचा धडधाकट उजवा हात एका मऊ पिशवीत गेला. रोज काही तास सगळं डाव्यानंच करायचं! अरे देवा, काय ते दिवस! पेला आडवा झाला, भात अंगावर सांडला. एकदा तर आईनं ताटली ढकलूनच दिली.

"छळ मांडलाय माझा! पोटची पोर, आणि नुसती बघत बसलीस?"

उर्वीला हुंदका आवरेना. तिनं आपलेच हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. कोपऱ्यातून ठकू घरघरली, "मदत करू?"

"नको!" उर्वी ओरडली. पण संध्याकाळी टोपी घातली, तर भिंतीवरचा ठिपका जेवढाच्या तेवढा. आपण आईला उगाच रडवतोय की काय, या विचारानं तिला जेवण जाईना.

मामा पुण्याला परतला, तरी रोज पडद्यावरून सगळं बघायचा. असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी जुन्या ठिपक्याच्या कडेला, पूर्वी कधीच नव्हता तिथे, पिवळा रंग दिसला. अगदी फिकट.

"शेजारी काम शिकायला लागले गं!" मामा पडद्यावरूनच ओरडला. आईनं मात्र मान फिरवली. "रंग दिसतो रे भास्करदादा. हात उठताना कुठे दिसतोय?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडली. आखाजीला खानदेशात मांडे हवेतच. पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलत-झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. एका हाताचं हे काम नव्हेच. आखाजीसाठी आलेला मामा दारात उभा होता. आज आईचे दोन्ही हात मोकळे होते. आईनं उंडा घेतला आणि उर्वीचा जीव टांगणीला लागला.

मांडा उजव्या हातावर पसरला, डावीकडे आला, कलला, घसरला. ठकूचे चारही हात सरसावले.

"ठकू, थांब!"

आणि आईचा डावा हात वर आला. कोणी सांगितलं नव्हतं, आईनं ठरवलंही नव्हतं. तो आपणहून उठला आणि त्यानं मांडा कोपराशी अडवला. अर्धा लोंबला, फाटला, पुरण जमिनीवर पडलं. पण उरलेला मांडा आईच्या हातावर होता.

"अगं... धरला की मी!" आई स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली. मामानं हळूच डोळे पुसले. उर्वी तर हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

ठकूनं पुन्हा विचारलं, "मदत करू?"

"कर ना," फाटका मांडा खापरावर टाकत आई म्हणाली. "ते सांडलेलं पुरण पूस. आणि उर्वी, दुसरा उंडा दे इकडे. डाव्या हातात दे."