पाणकाठची फेरी

लाइट गेलीय, आता तासभर काही येत नाही. बसा मग. समाधान, ते दार पुढं ओढ, वारा लागतोय. ललित मघाशी विचारत होता, उखर्डू नाना, तुम्ही एसटीत एवढ्या रात्रीच्या फेऱ्या केल्या, कधी काही दिसलं का? मला नाही दिसलं. आमच्या लोटनला मात्र... दिसलं असंही म्हणता येत नाही. ऐकू आलं.

लोटन शिंदखेड्याचा. त्याच्या गाडीवर मी अकरा वर्षं कंडक्टर होतो, म्हणून माणूस मला ठाऊक आहे. घाटात ब्रेक गेले तरी आवाज न चढवणारा. रिटायर झाला, मग छातीत स्प्रिंग टाकावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर चाला. तेव्हापासून गडी जिथं जाईल तिथं चालायची जागा शोधायचा.

१२ डिसेंबर २०२३. मंगळवार, कार्तिकातली अवस. शिरपूरच्या पुढं प्रमिलाबाईंच्या भावाकडे नातीचं बारसं होतं. प्रमिलाबाई म्हणजे लोटनची बायको. जेवणं आटोपून दोघं मोटारसायकलवर परत निघाले, तेव्हा रस्त्यात अभयारण्याची पाटी लागली. धरणाचं नाव मी सांगत नाही, तिथं पोराबाळांची माणसं फिरायला जातात, उगाच कुणाच्या मनात भीती नको. वनखात्यानं पाण्याच्या कडेकडेनं एक पायवाट केली आहे. साडेतीन किलोमीटर, सगळी सपाट. गेटपासून निघायचं, पाण्याला धरून जायचं, मग झाडीतून वळून पुन्हा गेटवर. म्हातारं माणूसही आरामात करील अशी फेरी.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "थांबा ना जरा. माझं आजोळ याच पाण्यात गेलं. निदान बघून घेते."

गेटवर वना नावाचा चौकीदार होता. त्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "साडेपाचला परत या भाऊ. अंधारात आम्ही कुणाला ठेवत नाही."

प्रमिलाबाईंचे गुडघे गेलेले. त्या गेटाजवळच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या फिरून. मी इथून पाणी बघते."

लोटन निघाला तेव्हा चार पस्तीस झाले होते. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला अंजन आणि साग. पाण्यावर हळदीकुंकू बदकं बसलेली. ऊन कोवळं होतं, वाट मऊ होती. त्याला इतकं बरं वाटलं की तो रेंगाळला. एका दगडावर बसला, आणि बारशाच्या जेवणानं त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा सूर्य टेकला होता. अजून अर्धी वाट बाकी होती. तो भराभर चालू लागला.

थोड्या वेळानं मागून चपला वाजल्या. फट, फट, फट.

"हळू चाला ना. मना गुडघा दुखतस."

आवाज प्रमिलाबाईंचा, आजोळच्या अहिराणीतला. लोटनला हसू आलं. वाट एका माणसापुरती, म्हणून तो पुढं बघूनच बोलला.

"तुला बस म्हटलं होतं ना? कशाला आलीस?"

"एकटीले करमेना."

"बरं, ये. पायाखाली बघ."

मग दोघं बोलत निघाले. भाऊ किती वाळला, पोरीचं नाव किती छान ठेवलं, शिऱ्यात साखर जास्त पडली. घरी संध्याकाळी जसं बोलणं होतं तसंच. संसाराला एकेचाळीस वर्षं झाली म्हणजे माणूस अर्धं ऐकतो, अर्धं हुंकारावर निभावतो. लोटनही हुंकार देत होता.

पुढं एक नाला लागला, त्यावरची फळी ओलांडताना त्याच्या मनात एक गोष्ट आली. प्रमिलाबाईंना घराच्या चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. ही एवढं चालते आहे, बोलते आहे... आणि श्वास लागल्याचा आवाज नाही.

त्यानं फळीवर आपली पावलं ऐकली. ठक, ठक. मग थांबून वाट बघितली.

मागची पावलं फळीवर वाजलीच नाहीत.

पण आवाज आला, अगदी पाठीशी. "चाला ना. थांबनात कसाले?"

तो चालू लागला. मागं वळून बघावं असं वाटेना. का वाटेना, ते त्याला मलाही नीट सांगता आलं नाही.

पुढं वाटेला एक फाटा फुटत होता. जुनी गाडवाट. धरणाआधी गावात बैलगाड्या जायच्या ती. चाकोऱ्या अजून दिसत होत्या, उतरत उतरत सरळ पाण्यात गेलेल्या.

"घर आठेच शे," मागून आवाज आला. "खाले उतरा. तुमले दखाडस."

घर इथंच आहे म्हणे. आणि लोटन उतरला, बघा. तो म्हणतो, मला उतरायचं नव्हतं, पण उतार आपोआप पायाखाली आला. बुटात पाणी शिरलं. थंडगार. पाऊल... अजून एक पाऊल. पाणी पोटऱ्यांना लागलं.

"अजून थोडं. दार उघडंच शे."

त्यानं खाली बघितलं. संध्याकाळचं पाणी आरशासारखं. त्यात त्याचं तोंड दिसत होतं. खांद्यामागं आभाळ होतं.

खांद्यामागं दुसरं कुणी नव्हतं.

आणि तेव्हा कानाशी, हळूच...

"लोटन. मांगे दख."

पोरांनो, प्रमिलाबाईंनी एकेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्याला बायकांनी धरलं, तर रडून उठली. रेशनच्या रांगेत नाव विचारलं तर कार्ड पुढं करते. किरणचे बाप, एवढंच. दवाखान्यात तो बेशुद्ध पडला होता, डॉक्टर म्हणाले हाक मारा, तेव्हाही किरणचे बाप.

लोटननं पाय तिथंच रोवले.

तो वळला नाही. वर बघत, उलट्या पावलांनी चाकोरीतून वर आला. पाठ कशाला तरी लागेल, या धास्तीनं पाठीचं कातडं आकसलं होतं. काही लागलं नाही. वाटेवर आला आणि चालू लागला. आवाज पुन्हा मागं.

"लोटन... लोटन, असं काय करस?"

त्यानं पावलं लांब टाकली.

"लोटन, माले एकटी सोडी जाशी?"

आता आवाजात रडू होतं. हुबेहूब तिचं रडू. तो म्हणतो, नाना, मला दवाखान्यात भीती वाटली नव्हती, त्या रडण्याची वाटली. वळून जवळ घ्यावंसं वाटत होतं.

खिशात फोन वाजला.

मागचं रडणं थांबलं. एकदम.

"उचलू नको."

त्यानं उचलला.

"ओ, कुठं आहात?" पलीकडे प्रमिलाबाई. "सहा वाजून गेले. तो वना दोनदा येऊन गेला."

लोटननं फोन कानाला दाबला.

"ऐकू येतंय का? आणि..." प्रमिलाबाई थांबल्या. "तुमच्याजवळ कोण बाई आहे?"

"कुणी नाही."

"आहे. मला ऐकू येतंय. माझ्यासारखी बोलतेय."

 तेवढ्यात मागून आवाज आला, "लोटन."

प्रमिलाबाईंनी तो ऐकला. बाई अडाणी, चौथी शिकलेली. पण बघा काय म्हणाली.

"फोन ठेवू नका. मागं बघू नका. माझ्याशीच बोला."

लोटनच्या मनात आलं, आता यातली खरी कुठली? त्यानं विचारलं, "माझं नाव घे."

पलीकडे नुसत्या बांगड्या वाजल्या.

"घे ना. एकदाच."

"ते नाही व्हायचं माझ्यानं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जीव गेला तरी नाही. तुम्ही चाला."

लोटन रडायला लागला आणि चालू लागला. अंधार पडला होता. प्रमिलाबाई बोलत होत्या. मेथीला भाव नाही. किरणच्या घराचं प्लास्टर राहिलंय. पहिल्या बाळंतपणात तुम्ही डबा घेऊन अमळनेरहून रात्रीच्या गाडीनं आला होता, वरण सगळं पिशवीत सांडलं होतं. जे आठवेल ते. मागून हाक येत होती. आधी पाठीशी. मग दहा पावलांवर. मग झाडीतून. मग पाण्याच्या बाजूनं, खूप लांबून, गावातून कुणी पोराला जेवायला बोलवावं तशी.

सहा पन्नासला गेटावरची बॅटरी दिसली. प्रमिलाबाई बाकाजवळ उभ्या, फोन कानालाच. वनानं लोटनच्या भिजलेल्या पँटकडे बघितलं.  कुलूप लावलं, आणि वहीत वेळ लिहिली.

दोघं मोटारसायकलवर शिंदखेड्याला निघाले. प्रमिलाबाईंनी त्याला मागून घट्ट धरून ठेवलं होतं, आणि लोटन दर थोड्या वेळानं एक हात सोडून तिच्या बोटांवरची जुनी भाजल्याची खूण चाचपून बघत होता.

सकाळी त्या मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली बारशाची पिशवी रिकामी करायला गेल्या. साडी होती, घुगऱ्यांची पुडी होती. आणि तळाशी लाकडाचा एक तुकडा. जात्याचा खुंटा. काळा पडलेला, मुठीनं झिजून गुळगुळीत झालेला. साडीला पाण्याचा डाग नव्हता, पुडीचा कागद कोरडा होता. खुंटा मात्र निथळत होता.

त्यांनी तो उन्हात ठेवला. मग चुलीशी ठेवला. पुढच्या साली मे महिन्यात पत्र्यावर ठेवला.

परवा मी शिंदखेड्याला गेलो होतो. लोटननं कोनाड्यातून काढून माझ्या हातात दिला.

अजून ओला आहे.